वर्षांनी बाहेर काढलेला गोल्ड डिटेक्टर सतत किरकिरतो: आवाज नेमका कुठून येतो ते कसं शोधायचं

तक्रार जवळपास नेहमी सारखीच असते. पाच-सात वर्षं कपाटात पडलेला डिटेक्टर काढला, बॅटरी चार्ज केली, पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगूर्लीच्या उत्तरेला लिओनोरा-लॅव्हर्टनकडच्या लाल मातीत नेला, आणि यंत्र गप्पच बसेना. थ्रेशोल्डची, म्हणजे यंत्राच्या मागे सतत चालणारी, बारीक, सरळ गुणगुण ऐकू यायला हवी तिथे खडखड, चढउतार आणि मध्येच किंचाळी. मग सेन्सिटिव्हिटी खाली, आणखी खाली. यंत्र शांत झाल्यावर हायसं वाटतं, आणि संध्याकाळी हातात काहीच नसतं.

सेन्सिटिव्हिटी उतरवणं हा शेवटचा उपाय आहे. आवाज बंद होतो, पण त्याच्याबरोबर अर्ध्या ग्रॅमखालचं सोनंही ऐकू यायचं बंद होतं, आणि त्या भागात सापडणारं बरंचसं सोनं याच वजनाचं असतं. किरकिर कुठून येते हे आधी ठरवलं तर बहुतेक वेळा उपाय दहा मिनिटांचा असतो. कधी कॉइलच्या (दांड्याच्या टोकाला असलेल्या, जमिनीवरून फिरवायच्या चकतीच्या) झाकणाखालची वाळू झटकायची, कधी केबल नीट बांधायची, कधी फोन बंद करायचा. नेमकं ठिकाण कळण्याआधी सेन्सिटिव्हिटीचा नॉब फिरवू नका.

इथली माहिती मुख्यतः पल्स इंडक्शन यंत्रांना (जमिनीत चुंबकीय स्पंद सोडून त्यानंतरचा प्रतिसाद ऐकणाऱ्या) धरून आहे, म्हणजे माइनलॅबच्या जुन्या एसडी आणि जीपी मालिका, जीपीएक्स ४५०० आणि ५०००, एसडीसी २३०० वगैरे. लोखंडी खनिजाने भरलेल्या त्या जमिनीत जास्त करून तीच चालतात. गोल्ड मॉन्स्टर १००० सारखी ४५ किलोहर्ट्झची व्हीएलएफ (स्पंदांऐवजी सतत लहर सोडणारी) यंत्रं असतील तरी चाचणीची पद्धत तीच. फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

सगळ्यात आधी: जुन्या सेटिंग

यंत्र ठेवलं तेव्हाच्या शेवटच्या दिवसाच्या सेटिंग त्यात तशाच असू शकतात. तो दिवस खाऱ्या तळ्याच्या काठी गेला असेल तर टायमिंग (जमिनीच्या प्रकाराप्रमाणे स्पंद बदलणारी सेटिंग) अजून सॉल्टवर असेल. मोनो (एकाच वेटोळ्याची) कॉइल लावलेली असेल आणि कॉइलचा स्विच डबल डी (दोन वेटोळ्यांच्या कॉइल) वर. म्हणून प्रथम फॅक्टरी प्रीसेटवर या, स्विच कॉइलप्रमाणे लावा, टायमिंग नॉर्मलवर ठेवा, थ्रेशोल्ड जेमतेम ऐकू येईल इतका ठेवा. आपण काय काय बदललं होतं ते आठवत बसण्यात अर्थ नाही.

मग यंत्र चालू करून पाच-दहा मिनिटं सावलीत तसंच राहू द्या. गाडीच्या मागच्या भागात ६० अंशांपर्यंत तापलेलं यंत्र बाहेर काढून लगेच ग्राउंड बॅलन्स (जमिनीतल्या खनिजाचा आवाज वजा करायची जुळणी) केला की इलेक्ट्रॉनिक्स थंड होत जाईल तसा तो सरकत राहतो, आणि माणूस जमिनीला दोष देतो. सकाळी गार असताना केलेला बॅलन्सही अकरा वाजता तसाच राहत नाही.

तीन जागांची चाचणी

गाडीपासून किमान ५० मीटर दूर जा. फोन फ्लाइट मोडवर टाका. खिशातल्या किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, मनगटावरचं घड्याळ, कुदळ हे सगळं काढून बाजूला ठेवा. आता यंत्र तीन अवस्थांमध्ये ऐका, प्रत्येकी निदान एक मिनिट.

पहिली अवस्था: कॉइल कमरेच्या उंचीवर, अजिबात न हलवता. इथे आवाज असेल तर जमिनीचा त्यात काही संबंध नाही. तो हवेतून येतोय, म्हणजे विद्युत-चुंबकीय गोंगाट आहे, किंवा यंत्राच्या आतून येतोय. दोन्ही वेगळे करायचे असतील तर कॉइल उभी धरा आणि स्वतःभोवती हळूहळू गोल फिरा. दिशा बदलली की आवाज कमीजास्त होत असेल तर उगम बाहेर आहे. कॉइल हा शेवटी अँटेनाच असतो. कुठेही फिरवा, आवाज तसाच, तर बॅटरी, केबल, जोडणी, हेडफोन यांच्याकडे बघा.

दुसरी अवस्था: कॉइल स्वच्छ जमिनीवर टेकवून, न हलवता. हवेत शांत आणि इथे गोंगाट, असं क्वचितच होतं. झालं तर जमिनीत खाली एखादी तार किंवा केबल आहे का बघा, किंवा कॉइलच्या कवचाला तडा गेला आहे. याच अवस्थेत कॉइलवर बोटाने हलकेच टिचकी मारा, मग कॉइलला उघड्या हाताने नुसता स्पर्श करा (हातात अंगठी नको). टिचकीने आवाज आला तर झाकण, तडा किंवा सैल जोडणी. टिचकी न मारता नुसत्या स्पर्शाने आवाज बदलला तर कॉइलच्या आतलं शील्डिंग, म्हणजे बाहेरचा गोंगाट अडवणारा थर, गेलं आहे. ओल्या गवताला कॉइल घासली की दरवेळी आवाज येतो, ही तक्रार याच दोषाची.

तिसरी अवस्था: कॉइल जमिनीवरून सावकाश फिरवत. आधीच्या दोन्ही ठिकाणी यंत्र शांत होतं आणि आता बोलायला लागलं, तर दोष जमिनीचा किंवा बॅलन्सचा. हलताना केबल थरथरते, म्हणून एक शहानिशा लागते: कॉइल हवेत, जमिनीपासून मीटरभर वर, त्याच वेगाने फिरवा. तिथेही आवाज आला तर जमीन निर्दोष आहे, केबल गुन्हेगार आहे. ही शहानिशा बहुतेक जण गाळतात आणि मग ग्राउंड बॅलन्सच्या मागे तासभर घालवतात.

हवेत आवाज येत असेल तर

सर्वांत जवळचे उगम आधी. गाडीतला फ्रिज, सोलर पॅनेलचा कंट्रोलर, दुसरी बॅटरी चार्ज करणारा डीसी ते डीसी चार्जर, इन्व्हर्टर, एलईडी दिव्यांची पट्टी. पूर्वी गाडीत यातलं फारसं काही नसायचं, त्यामुळे परत येणाऱ्याला ही गोष्ट नवी असते. २० वर्षांपूर्वी गाडीपाशीच यंत्र लावून निघता यायचं, आता तळापासून १०० मीटर दूर जाऊन लावणं शहाणपणाचं. खात्री करायची असेल तर सोबत्याला फ्रिज बंद करायला सांगा आणि ऐका.

अंगावरची साधनं त्यानंतर. फ्लाइट मोडवरच्या फोनचं जीपीएस चालूच राहतं, त्यामुळे वाट चुकण्याची भीती नाही. ब्लूटूथ आणि वायफाय मात्र वेगळे तपासा. काही फोनवर ते फ्लाइट मोडमध्येही चालू राहतात. यूएचएफ रेडिओ ऐकताना फारसा त्रास देत नाही, बोलताना देतो. आता एक गोष्ट अगदी गंभीरपणे: गोंगाट टाळायचा म्हणून पीएलबी, म्हणजे संकटात उपग्रहाला संदेश पाठवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, गाडीत ठेवून जाऊ नका. तो चालू केल्याशिवाय काहीच प्रक्षेपित करत नाही. यंत्राच्या आवाजाशी त्याचा संबंध नाही आणि घोटा मुरगळला तर गाडी १ किलोमीटरवर असून उपयोग नसतो. त्याची बॅटरीही आपल्या गैरहजेरीत संपते. मुदतीची तारीख पाठीमागे छापलेली असते, आणि ऑस्ट्रेलियात बीकनची नोंदणी एएमएसएकडे, म्हणजे तिथल्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे, ताजी करावी लागते.

दुसरा डिटेक्टर हा मोठा उगम. दोन पल्स इंडक्शन यंत्रं एकाच भागात असतील तर ५० मीटरही कधी कधी पुरत नाहीत, मोठ्या कॉइलना तर शंभराच्या पुढे जावं लागतं. आवाज एका लयीत, ठरावीक अंतराने वर-खाली होतो ही त्याची खूण. अशा वेळी दोघांनी एकदम ऑटो ट्यून (यंत्राने कमी गोंगाटाचा चॅनल स्वतः निवडणं) करू नये. एकाने यंत्र चालू ठेवून लांब उभं राहावं, दुसऱ्याने ट्यून करावं, मग अदलाबदल. दोघांनी एकदम केलं तर दोन्ही यंत्रं एकमेकांपासून पळत पुन्हा शेजारच्याच चॅनलवर येऊन बसू शकतात.

ऑटो ट्यून किंवा नॉइज कॅन्सल करताना कॉइल जमिनीपासून वर, स्थिर, आणि जवळ कोणताही धातू नाही, हे पाळा. जीपीएक्सवर त्याला मिनिटभर लागतं. मध्येच कंटाळून कॉइल हलवली तर निवडलेला चॅनल चुकीचा असतो. एकदा करून दिवस काढू नका. जागा बदलली, वारा-पाऊस बदलला, दुपार झाली, की पुन्हा.

आणि दुपारची वीज. उन्हाळ्यात ढग दिसतही नसतात आणि यंत्र अनियमित, तुटक कडकड करू लागतं. दूरच्या विजांचे स्पंद पल्स इंडक्शनला लांबून ऐकू येतात. एक जुनी युक्ती: गाडीच्या रेडिओवर एएम लावा आणि जिथे केंद्र नाही तिथे सुई आणा. तीच कडकड तिथे ऐकू आली तर यंत्रात दोष नाही, आकाशात आहे. ट्यून करून उपयोग होत नाही, कारण विजेचा गोंगाट सगळ्याच चॅनलवर असतो. लहान कॉइल लावा, किंवा डबल डी कॉइलवर स्विच कॅन्सलला (बाहेरचा गोंगाट कापणाऱ्या स्थितीला) आणा. कॅन्सलमध्ये खोली बरीच कमी होते, पण उथळ सोनं तरी ऐकू येतं. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत आला तर मात्र यंत्र खाली ठेवून गाडीत बसायचं.

टिचकीला किंवा हलवण्याला आवाज येत असेल तर

इथे सर्वाधिक वेळा दोष निघतो कॉइलच्या खालच्या झाकणात. प्लॅस्टिकचं ते संरक्षक झाकण आणि कॉइल यांच्या फटीत लाल माती शिरते, आणि त्या मातीत लोहखनिजाचे बारीक खडे असतात. कॉइल फिरते तसे ते आत सरकतात. यंत्राच्या दृष्टीने जमीन कॉइलला चिकटून हलत असते, मग ग्राउंड बॅलन्स कितीही करा. झाकण काढा, दोन्ही बाजू पुसा, मऊ ब्रशने कडा झाडा. पाण्याने धुतलं तर पूर्ण वाळल्यावरच बसवा. काही जण कडेला इलेक्ट्रिकल टेप लावून फट बंद करतात. चालतं, पण टेप सुटली की आत गेलेली माती बाहेर यायला वाटच राहत नाही, म्हणून आठवड्याने काढून बघायचंच. झाकण मध्ये घासून पातळ झालं असेल तर बदला. ते नसताना कॉइल थेट दगडांवर घासू नका.

दुसऱ्या नंबरवर केबल. कॉइलजवळचा पहिला वीतभर भाग सैल असेल तर तो कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात लोंबकळतो आणि प्रत्येक झोक्याला आवाज देतो. कॉइल वरखाली वळवता येईल इतकीच ढील ठेवा, पुढे दांड्याभोवती ती घट्ट गुंडाळा आणि दोन-तीन ठिकाणी वेल्क्रोने बांधा. धातूची तार किंवा क्लिप कधीही नाही. तरी आवाज येत असेल तर कॉइल लाकडी फळीवर स्थिर ठेवून केबल दर दहा सेंटिमीटरला हलकेच वाकवून बघा, कॉइलपासून सुरुवात करून प्लगपर्यंत. आतली तार तुटली असेल ती बहुधा दोन्ही टोकांपाशीच, जिथे ती रोज वाकते. मल्टीमीटर असेल तर प्लगच्या पिनांवर लावून कुणाला तरी केबल हलवायला सांगा. पल्स इंडक्शनच्या मोनो कॉइलचा रोध एक ओहमच्याही आत असतो. आकडा उड्या मारत असेल तर तुटलं. हे मोजताना प्लग यंत्रातून काढलेला हवा.

प्लगच्या पिना वर्षानुवर्षं पडून काळवंडतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन प्रत्येक पिन आणि समोरची भोकं पुसा, वाळू द्या, पाच-सहा वेळा प्लग काढून-घालून बघा. पॉलिश पेपर नको, पिनांवरचा मुलामा निघून जातो. प्लगची चाकी हाताने घट्ट करा, पकडीने नाही.

हेडफोनचा दोषही नेहमी डिटेक्टरच्या माथी जातो. यंत्राचा स्वतःचा स्पीकर असेल तर हेडफोन काढून ऐका, नसेल तर दुसरा हेडफोन लावा. दोन मिनिटांत निकाल लागतो. जाड, ६.३५ मिलिमीटरचा जॅक पुसायचा तोही अल्कोहोलनेच.

दांड्याच्या खालच्या टोकाचा नट-बोल्ट प्लॅस्टिकचाच असतो. तो हरवल्यावर कुणीतरी तात्पुरता लोखंडी घातला आणि विसरला, असंही निघतं. आणि बूट. पोलादी टोपीचे बूट घालून कॉइल पायाजवळ आणली की प्रत्येक झोक्याच्या शेवटी एक आवाज येतो, एकाच बाजूला, ठरलेल्या लयीत. कुदळ कॉइलच्या विरुद्ध बाजूला, पाठीमागे अडकवा. कुदळीवरचा चुंबक तर यंत्राला फार लांबून ऐकू येतो.

कॉइलबद्दल निर्णय सोपा आहे: दुसरी कॉइल लावून यंत्र शांत झालं तर पहिली बाद. आतून ओतलेल्या कॉइलला उघडून दुरुस्त करण्याचा नाद सोडा.

बॅटरी

पडून राहिलेली बॅटरी चार्जरवर हिरवा दिवा दाखवते, आणि कामावर नेली की तासाभरात बसते. यंत्राला कमी व्होल्टेज मिळायला लागलं की थ्रेशोल्ड डळमळतो, तो अगदी ग्राउंड बॅलन्स बिघडल्यासारखा वाटतो. दिवसाच्या सुरुवातीला यंत्र बरं आणि दुपारनंतर वाईट, अशी तक्रार असेल तर आधी इथेच बघा.

जुन्या एसडी-जीपी यंत्रांना ६ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी पाठीवर घेऊन फिरावं लागे. अशी बॅटरी चार्ज करून काही तास तशीच ठेवली तर ६.३ ते ६.४ व्होल्ट दाखवते. आता यंत्र जोडून १५ मिनिटं चालू ठेवा आणि पुन्हा मोजा. ६ च्या खाली घसरली तर ती संपली. वर्षानुवर्षं रिकामी पडलेली लेड-ॲसिड सल्फेट होऊन गेलेली असते, तिला पुन्हा पुन्हा चार्ज करून जीव येत नाही.

लिथियम-आयन पॅक वेगळ्या तऱ्हेने रुसतो. खूप खाली उतरला की आतलं संरक्षक सर्किट तो बंद करून टाकतं आणि टोकांवर शून्य व्होल्ट दिसतो. मूळ चार्जरवर काही तास ठेवून जागा झाला तर ठीक. न झाल्यास त्याला दुसऱ्या बॅटरीने धक्का देऊन उठवण्याचे उद्योग करू नका, आग लागते. फुगलेला, मऊ पडलेला पॅक चार्ज करायचाच नाही.

सेल टाकायच्या यंत्रात, जसे एसडीसी २३०० मधले चार सी सेल, अल्कलाइन सेल फुटून पांढरी भुकटी झाली असेल तर कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन ती पुसा, मग अल्कोहोलने, आणि स्प्रिंग चमकेपर्यंत. स्प्रिंग गंजून पातळ झाली असेल तर ती बदला, नुसती ताणून उपयोग नाही.

जमिनीवर फिरवताना आवाज येत असेल तर

आता खरी जमीन. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पूर्व सोनपट्ट्यात जांभ्यासारखा लोहयुक्त थर, काळे-तपकिरी आयर्नस्टोनचे खडे आणि मॅगहेमाइट भरपूर. मॅगहेमाइटचे अतिसूक्ष्म कण चुंबकीय स्पंद संपल्यावरही क्षणभर मागे रेंगाळतात, आणि पल्स इंडक्शन नेमकं त्याच मागच्या क्षणात सोनं ऐकत असतं. म्हणून जमीन धातूसारखी बोलते. ग्राउंड बॅलन्स म्हणजे हा रेंगाळलेला भाग ओळखून वजा करणं. तो चुकीच्या जागी केला की पुढचं प्रत्येक पाऊल चुकीचं.

आधी जागा निवडा. कॉइल हळू फिरवून जिथे एकही ठळक ठोका नाही अशी हातभर जागा शोधा. धातूच्या तुकड्यावर बॅलन्स केला तर यंत्र त्या धातूलाच जमीन समजतं. मग बॅलन्सचं बटन दाबून कॉइल जमिनीला समांतर ठेवत १५-२० सेंटिमीटर वरून २-३ सेंटिमीटरपर्यंत खाली आणा, पुन्हा वर. दगडाला आपटू नका. सहा-सात वेळा सावकाश. वर-खाली करताना आवाज बदलेनासा झाला की बटन सोडा. हात वाकडा चालला, कॉइल तिरपी झाली, तर बॅलन्स बसत नाही. हीच चूक सर्वांत जास्त होते. माइनलॅबच्या जीपीझेड ७००० ला यासाठी पिवळं फेराइट (चुंबकीय पदार्थाचं कडं) वापरायचं असतं, ते नसताना जमीन शांत होत नाही म्हणून रडू नये, आधी फेराइट शोधा.

ट्रॅकिंग (यंत्र बॅलन्स सतत स्वतः बदलत राहतं) की फिक्स्ड (एकदा केलेला तसाच राहतो)? जमीन दर चार पावलांना बदलत असेल तर ट्रॅकिंग. पण संशयास्पद आवाजावर कॉइल सारखी फिरवत बसलात तर ट्रॅकिंग तो आवाजच जमीन समजून मिटवतं. म्हणून आवाज मिळाला की फिक्स्डवर जा आणि मगच तपासा. बारीक सोन्याचे तुकडे या एका सवयीमुळे मागे राहतात.

हॉट रॉक, म्हणजे धातूसारखा आवाज देणारा खनिजाचा दगड, ओळखायची रीत. आवाज मिळाला की काटकोनात वळून कॉइल पुन्हा फिरवा. खऱ्या धातूचा ठोका दोन्ही दिशांनी त्याच बिंदूवर येतो. जमिनीचा आवाज पसरट असतो, एका दिशेने येतो, दुसरीकडून सरकतो. मग वरची २-३ सेंटिमीटर माती बाजूला करा आणि पुन्हा ऐका. आवाज विरला तर खनिज. आवाज आणखी धारदार झाला तर खणा. तो ढिगाऱ्यातल्या दगडातून येत असेल तर दगड हातात घेऊन कॉइलसमोर फिरवा. व्हीएलएफ यंत्रावर मॅग्नेटाइटचा दगड उलटा बोलतो: कॉइल वरून जाताना थ्रेशोल्ड बुडतो आणि पुढे गेल्यावर उसळतो. पिनपॉइंट करायला गेलात की आवाज दगडाच्या शेजारी सापडतो, दगडावर नाही.

जमीन फारच गरम असेल तर क्रम असा ठेवा. प्रथम वेग कमी. एका बाजूकडून दुसरीकडे जायला तीन-चार सेकंद लागावेत. मग मोनो काढून डबल डी, त्याने खोली थोडी जाते पण जमिनीचा गोंगाट बराच पडतो. मग टायमिंग, जीपीएक्सवर एन्हान्स किंवा फाइन गोल्ड. एवढं करून उरलेल्या गोंगाटासाठीच सेन्सिटिव्हिटी, आणि तीही एकेक घर.

खारं तळं ही निराळी गोष्ट. लेक बॅलार्ड, लेक लेफ्रॉय यांसारख्या तळ्यांच्या काठचा मीठ मिसळलेला चिखल वीज वाहून नेतो, म्हणून तो स्वतःच एक मोठा पसरट धातू झाल्यासारखा वागतो. खूण अशी की आवाज लोहखनिजासारखा खड्याखड्याने येत नाही, कॉइल खाली आणली की सगळीकडून एकसारखा फुगतो आणि वर उचलली की लगेच ओसरतो. ग्राउंड बॅलन्सने तो जात नाही, कारण बॅलन्स लोहखनिजावर बसवला की मीठ उठतं आणि मिठावर बसवला की खनिज उठतं. सॉल्ट टायमिंग लावा, लहान कॉइल घ्या, कॉइल ४-५ सेंटिमीटर उचलून फिरवा, किंवा डबल डी वर कॅन्सल. सगळ्यांत उत्तम उपाय वाट बघणं. कोरडं मीठ फार त्रास देत नाही. पाऊस पडून गेल्यावर ते तळं सोडून काही आठवडे उंचवट्यावर काम करा.

यंत्र शांत आहे, पण सोनं लागत नाही

ही तक्रार किरकिरीपेक्षा धोकादायक, कारण दोष ऐकूच येत नाही. दररोज निघण्याआधी चाचणीचा तुकडा वापरा. साधारण ०.३ ग्रॅम सोनं प्लॅस्टिकच्या रंगीत चकतीवर चिकटवा. सोनं नसेल तर त्याच आकाराचा शिशाचा छर्रा चालतो, यंत्राला तो बराचसा सारखाच वाटतो. हवेत दाखवून समाधान मानू नका. हवेत यंत्र नेहमी चांगलं दिसतं. त्या दिवशीच्या जमिनीत ५ सेंटिमीटरवर पुरा, माती दाबा, आणि त्या दिवशीच्या सेटिंगवर, त्याच वेगाने कॉइल फिरवा. ऐकू आलं नाही तर पुढे जाऊ नका, परत तीन जागांची चाचणी. कोणती सेटिंग सुधारणा आहे आणि कोणती नुसती शांतता, हे हा पुरलेला तुकडाच सांगतो.

मोठ्या खंडानंतर हातही विसरलेला असतो. झोक्याच्या दोन्ही टोकांना कॉइल वर उचलली जाते, तिथे खोली शून्य. प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर अर्धा चढला पाहिजे, विशेषतः मोनोवर, कारण तिची खोलवर पोचणारी संवेदना मध्यभागी एका बिंदूत निमुळती होते.

लोखंड वगळणारी डिस्क्रिमिनेशन पल्स इंडक्शनवर भरवशाची नाही. खोल किंवा बारीक सोनं ती लोखंड म्हणून गाळू शकते. कूलगार्डीला १८९२ साली आणि कालगूर्लीला १८९३ साली सोनं सापडल्यापासून तिथे माणसांनी खिळे, डब्यांचे पत्रे, बुटांचे टाचे आणि शिशाच्या गोळ्या सांडल्या आहेत, त्यामुळे गाळायचा मोह होतो. तरी खणा. वर उथळ लोखंड असेल तर कुदळीवरचा चुंबक ते काढून घेतो, आणि तो तुकडा निघाल्यावर खड्डा पुन्हा तपासा. त्याच्याखालून आलेला दुसरा आवाज फार जण सोडतात. खड्डा भरून निघायचं, हे तर आहेच.

तुकडा सापडत नसेल तर माती प्लॅस्टिकच्या सुपडीत घेऊन कॉइलसमोर फिरवा, आवाज आला की अर्धी बाजूला टाका, उरलेली पुन्हा फिरवा. पाच-सहा वेळा अर्धी केली की चिमूटभर माती उरते.

जमिनीच्या परवानगीचंही एक वाक्य इथेच, कारण जुना नकाशा घेऊन निघणारे बरेच असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात मायनर्स राइट (सोनं शोधायचा परवाना) लागतोच, पण आधी मोकळी असलेली जमीन आता एक्सप्लोरेशन लायसन्सखाली (दुसऱ्याच्या खनिज-शोधाच्या परवान्याखाली) गेलेली असू शकते. तिथे खाण कायद्याच्या कलम ४०ई ची वेगळी परवानगी लागते आणि ती तीन महिन्यांची असते. निघण्याआधी आजची स्थिती टेनग्राफवर, म्हणजे खाण-परवान्यांच्या सरकारी ऑनलाइन नकाशावर, बघा.

पुन्हा ठेवताना

हे सगळं पुढच्या वेळी टाळायचं असेल तर शेवटच्या दिवशी अर्धा तास द्या. झाकण काढून कॉइल पुसा आणि झाकण वेगळं ठेवा. प्लग सोडून पिना अल्कोहोलने पुसा. केबल मोठ्या वेटोळ्यात ठेवा, घडी घालू नका. अल्कलाइन सेल बाहेर काढा. लिथियम पॅक ४० ते ६० टक्क्यांवर ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. लेड-ॲसिड मात्र पूर्ण भरून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा. फॅक्टरी प्रीसेट करून यंत्र बंद करा. ज्या सेटिंगवर सोनं मिळालं ती कागदी टेपवर लिहून दांड्याच्या आतल्या बाजूला चिकटवा, जमिनीच्या वर्णनासकट: लाल आणि खडेरी, की पांढरा क्वार्ट्झ, की तळ्याचा काठ. चाचणीची चकती त्याच पिशवीत टाका.